जुन्या शेव्ही व्हॅनचा व्हॅक्यूम डायग्राम: स्टिकर, मॅन्युअल की लायब्ररी?

अमेरिकेत १९८० च्या दशकातली शेव्ही (शेव्हरोले) जी२० व्हॅन घ्यायची म्हणजे कार्ब्युरेटरभोवतीच्या, इंजिनाची ओढ (व्हॅक्यूम) वाहून नेणाऱ्या रबरी नळ्यांचं जंजाळही पदरात घ्यायचं. एखादी नळी लोंबकळत असते, एखाद्या तोंडात कुणीतरी स्क्रू खुपसून ठेवलेला असतो. कुठली नळी कुठे जाते हे सांगणारा डायग्राम मिळण्याच्या वाटा बऱ्याच, पण भरवसा सगळ्यांवर सारखा ठेवता येत नाही.

पहिला मान हुडखालच्या (बॉनेटखालच्या) एमिशन स्टिकरचा, म्हणजे धूर-नियंत्रणाची माहिती आणि हा डायग्राम छापलेल्या स्टिकरचा. फुकट, आणि नेमका त्याच गाडीचा. वर्ष एक, इंजिन एक, तरी कॅलिफोर्नियासाठी बनलेल्या गाडीत नळ्यांची मांडणी बाकी राज्यांतल्या गाडीपेक्षा वेगळी असू शकते. तुमची गाडी कुठली, हे स्टिकरवरच लिहिलेलं असतं. मात्र मधे कुणी इंजिन बदललं असेल तर हाच स्टिकर दिशाभूल करतो. १९८१ पासूनच्या गाड्यांत व्हीआयएनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) आठवं अक्षर कारखान्यात बसवलेलं इंजिन सांगतं. ते इंजिनाच्या ब्लॉकवरच्या नंबरांशी जुळतंय का ते आधी बघा.

स्टिकर करपला किंवा फाटला असेल तर माझं मत कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलला. ते त्या-त्या वर्षाचं निघतं, आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), चारकोल कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा डबा), डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) यांना व्हॅक्यूम कार्ब्युरेटरच्या कुठल्या तोंडातून मिळतो हेही त्यात कळतं. जुनी प्रत घेताना एमिशनचा भाग आत आहे ना, हे विकणाऱ्याला विचारून घ्या. काही वर्षी तो वेगळ्या पुस्तकात असे.

हेन्स या प्रकाशकाचं दुरुस्तीचं पुस्तक स्वस्त आहे, ब्रेक आणि वॉटर पंपासाठी उत्तम. पण १९६८ ते १९९६ च्या सगळ्या शेव्ही-जीएमसी व्हॅन एकाच पुस्तकात कोंबल्यावर तुमच्या गाडीच्या वाट्याला येणार किती? निव्वळ डायग्रामसाठी मी ते घेणार नाही.

पैसे घालण्याआधी गावातल्या पब्लिक लायब्ररीत मात्र चौकशी करा. अनेक लायब्रऱ्या कार्डावर चिल्टन या दुरुस्ती-पुस्तकांच्या मालिकेचा ऑनलाइन संग्रह फुकट बघू देतात. तुमच्या इंजिनाचा डायग्राम त्यात मिळेलच असं नाही, पण मिळाला तर छापून घेता येतो.

गाडी कॅलिफोर्नियात नोंदवायची असेल तर अंदाजावर भागत नाही. तिथे १९७६ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (धुराची सरकारी तपासणी) लागतो, आणि त्यात तपासणारा एमिशनच्या नळ्याही डोळ्यांनी बघतो. तिथे स्टिकर नसेल तर मी सरळ मॅन्युअलचे पैसे मोजीन.