गंजगोलाईतील सीपीआर वर्ग : प्रत्येक दुकानदाराने करावा असा

लातूरच्या गंजगोलाई या गोलाकार बाजारपेठेतील व्यापारी, हमाल आणि रिक्षाचालकांसाठी एका स्वयंसेवी संस्थेने घेतलेला सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला छाती दाबून आणि श्वास देऊन वाचवण्याच्या प्रथमोपचाराचा, अर्ध्या दिवसाचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. हृदय अचानक बंद पडल्यावर छातीवर दाब आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, एवढे सांगून प्रशिक्षकांनी सर्वांना थेट सरावाच्या पुतळ्यापाशी बसवले.

कोपर ताठ ठेवून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबायचे आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दाब पुरेसा पडला की पुतळ्यातून ‘टक्’ असा आवाज येतो. पोती उचलून कसलेल्या हमालाचाही तो आवाज दुसरे मिनिट संपता संपता तुटू लागला, तेव्हा दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा हे कोणाला समजावावे लागले नाही. बेशुद्ध माणूस आचके देत असेल तर तो श्वास समजू नये, कांदा हुंगवण्यात किंवा तोंडात पाणी ओतण्यात वेळ घालवू नये, हे प्रशिक्षकांनी प्रत्येकाकडून वदवून घेतले.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो १०८ ला फोन करण्याचा सराव. गोलाईला सोळा रस्ते मिळतात. त्यामुळे नुसते ‘गंजगोलाईत या’ न म्हणता रस्त्याचे आणि ठळक दुकानाचे नाव सांगायचे, फोन स्पीकरवर ठेवायचा आणि एकाने रुग्णवाहिकेला वाट दाखवायला रस्त्याच्या तोंडाशी उभे राहायचे. बाजारात काम करणाऱ्यांचा असा विचार मी इतर प्रशिक्षणांत पाहिलेला नाही.

एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिकही नीट झाले. हे यंत्र हृदयाची लय स्वतः तपासते आणि गरज नसेल तर झटका देत नाही, हे कळल्यावर अनेकांची भीती गेली. घामाने भिजलेली छाती पुसूनच यंत्राच्या पट्ट्या चिकटवायच्या, ही सूचना आपल्याकडच्या उन्हाळ्यात विशेष महत्त्वाची. मात्र बाजारापासून सर्वांत जवळचे एईडी कुठे आहे, याचे उत्तर आयोजकांकडे नव्हते. ही चौकशी त्यांनी आधीच करायला हवी होती. तोंडाने श्वास देण्याचा भागही घाईत उरकला गेला. लहान मुले आणि बुडालेल्या व्यक्तींसाठी तो आवश्यक असतो, त्यामुळे विहिरी-तलावांजवळच्या गावांतून येणाऱ्यांनी नाव नोंदवतानाच त्याचा वेगळा सराव मागून घ्यावा.