हृदयासाठी कोणती गोळी बरी? एआरटी (एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या) घेणाऱ्यांसाठी

निपाणी, चिकोडी, खानापूरकडून गोळ्या न्यायला येणारे बरेच जण हळूच विचारतात, "ह्या गोळ्यांनी हार्ट खराब होतंय म्हणे, थोडे दिवस बंद ठेवू काय?"

नको. 2006 साली 'स्मार्ट' चाचणीचा निकाल आला. 5,472 रुग्णांपैकी निम्म्यांनी गोळ्या अखंड घेतल्या. बाकीच्यांनी सीडी-4 (रोगाशी लढणाऱ्या पेशींची रक्तातली संख्या) 350 च्या वर असताना थांबवल्या आणि 250 च्या खाली गेल्यावर पुन्हा धरल्या. थांबवणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि हृदय, मूत्रपिंड, यकृताचे गंभीर आजारही वाढले. विषाणू मोकाट सुटला की रक्तवाहिन्या आतून सुजत राहतात.

खरी निवड आहे ती कोणत्या गोळ्या, याची. लोपिनाविर-रिटोनाविरने रक्तातली चरबी वाढते आणि वर्षानुवर्षे घेतल्यावर हार्ट अटॅकशी त्याचा संबंधही दिसलाय. अटाझानाविर त्या मानाने सौम्य. सध्या बहुतेकांना मिळणाऱ्या टीएलडीतलं (टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविर अशी तीन औषधांची एकच गोळी) डोल्युटेग्राविर चरबीच्या बाबतीत उजवं आहे, पण वजन वाढवतं. कंबरेचा घेर वाढला तर साखर तपासून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर केंद्रात नक्की सांगा. डोल्युटेग्राविरबरोबर त्याचा डोस सहसा दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. मूत्रपिंड नाजूक असल्यास टेनोफोविरऐवजी अबाकाविर देतात, मात्र आधी अटॅक येऊन गेला असेल तर ते शक्यतो टाळतात. जुन्या गोळ्या बदलायच्या की नाही, हे व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आणि आधीचे उपचार बघून डॉक्टरच ठरवतात. शेजाऱ्याची गोळी बदलली म्हणून आपली बदलत नाही.

मला सगळ्यात काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. छातीत दुखलं की आपली माणसं कोल्हापूर-मिरज गाठतात आणि लाजेपोटी एचआयव्हीचं तिथे सांगतच नाहीत. रिटोनाविर चालू असताना सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेतली तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर बेतू शकतं. एआरटीची वही डॉक्टरांसमोर ठेवा, हवं तर नातेवाइकांना बाहेर थांबवून. पण डॉक्टरांनी सगळं बघून दिलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळीला घाबरू नका. 40 ते 75 वयाच्या 7,769 एचआयव्हीग्रस्तांवरच्या 'रिप्रीव्ह' चाचणीत, जिच्यात भारतातले रुग्णही होते, पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीने हृदय आणि रक्तवाहिन्यांचे मोठे झटके सुमारे 35 टक्क्यांनी कमी झाले.

आणि तंबाखू. निपाणी भागात घरोघरी विड्या वळल्या जातात, तिथे हे बोलणं जड जातं. तरी बोलते: ओढत असाल, तर गोळी बदलायची चौकशी करण्याआधी विडी सोडा.