‘पिन काढी टाक ना भो!’

अमळनेरला माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, पोरांच्या ॲडमिशनचे फॉर्म, पॅनकार्ड, झेरॉक्स. बारा वर्षं झाली. मोबाइलवर काही भलतंसलतं आलं की खेड्यांवरची माणसं माझ्याकडेच येतात. तोच मी जुलैमध्ये व्हायरसच्या खोट्या सूचनेला भुलून 38,900 रुपयांना बुडालो. दोन महिने घरच्यांशिवाय कुणाला बोललो नाही, दुकानाची इज्जत जाईल म्हणून. परवा पारोळ्याच्या एका दुकानदाराला हुबेहूब तसंच फसवल्याचं कळलं, म्हणून लिहायला बसलो.

खरी चूक मी महिनाभर आधीच करून बसलो होतो. एका पोरीचा फोटो 50 केबीच्या आत बसवायचा होता. घाईत कुठलीतरी साइट उघडली. तिथे चौकट आली, ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा.’ दाबलं. फोटो लहान झाला, मी विसरलो. त्या अलाऊचा रोबोटशी काही संबंध नव्हता. नोटिफिकेशन पाठवायची परवानगी होती ती, आणि मी ती आपल्या हाताने दिली होती. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात चौकटी यायला लागल्या. ‘5 व्हायरस सापडले’, ‘तुमचं संरक्षण संपलं’. साइट बंद असली तरी येतात, कारण ब्राउझरला आपणच हो म्हटलेलं असतं. मी रोज फुली मारत राहिलो.

जुलैचा शेवटचा आठवडा. पीकविम्याची गर्दी, बाकावर सात-आठ जण, त्यात कपाशीवाले एक नाना. कोपऱ्यात चौकट आली, मी सवयीने फुली मारायला गेलो आणि क्लिक चौकटीवर पडलं. अख्खी स्क्रीन निळी झाली. मोठ्या कंपनीचं चिन्ह, खाली हेल्पलाइन नंबर, आणि स्पीकरमधून सायरन. सोबत एक बाई हिंदीत सांगत होती की संगणक लॉक झालाय, बंद केला तर सगळा डेटा जाईल. माऊस हलवला तरी बाण दिसेना. वरचा पत्त्याचा पट्टा गायब.

नाना मागून अहिराणीत म्हणाले, “पिन काढी टाक ना भो, चूप व्हई जाई.” पिन म्हणजे विजेचा प्लग.

मी हसलो. बाकावरचे सगळेच हसले. आणि मी त्या नंबरला फोन लावला.

समोरचा मुलगा गोड बोलणारा, शुद्ध हिंदी. त्याने दूरवरून स्क्रीन चालवायचं एक सॉफ्टवेअर टाकायला लावलं. मग विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवलं. ओळीच्या ओळी लाल, एरर, एरर, एरर. “देखिए सर, कितना नुकसान हो चुका है.” माझ्या पोटात गोळाच आला. पुढे मी दुकानातल्या दुसऱ्या, धडधाकट संगणकावर तेच उघडून पाहिलं. तिथेही तशाच लाल ओळी. त्या सगळ्याच मशीनमध्ये असतात, किरकोळ अडखळण्याच्या नोंदी असतात.

दुरुस्तीचे 499 रुपये नेटबँकिंगने भरा म्हणाला. मी लॉगिन केलं, त्याचं सॉफ्टवेअर चालूच होतं. स्क्रीन काळी पडली. “स्कॅनिंग है सर.” मोबाइलवर ओटीपी आला, त्याने मागितला, मी वाचून दाखवला. मेसेज आजही माझ्याकडे आहे. आकड्याच्या आधी स्पष्ट लिहिलंय, 24,500 रुपयांच्या व्यवहारासाठी. मी फक्त सहा अंक वाचले. दुसरा ओटीपी 14,400 चा. तोही दिला. तिसरा मागितला तेव्हा मागच्या एसएमएसवर नजर गेली, तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा कुठे मी पिन काढली.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन केला, तक्रार सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवरही टाकली. ही घाई कामाला आली. पुढच्या खात्यात 11,000 रुपये अडकवून ठेवता आले, बाकीचे निघून गेले होते. बँकेत भांडलो, पण रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियमच असा आहे की ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर पैसे गेले तर ते बँकेचे. म्हणून आधी कळवा, रडायचं नंतर.

आता ते निळं पान म्हणजे काय ते सांगतो. ते एक साधं वेबपान असतं. फुल स्क्रीन केलेलं, म्हणून पट्टा दिसत नाही. सायरन म्हणजे त्यात टाकलेली आवाजाची फाईल. वेबपानाला तुमच्या संगणकातले व्हायरस मोजताच येत नाहीत, आणि खरी सुरक्षा सूचना फोन नंबर देत नाही. नंबर दिसला की समजायचं, गळ टाकलाय. कीबोर्डवरचं एस्केप (Esc) बटण काही सेकंद दाबून धरा, फुल स्क्रीन सुटते. नाही सुटली तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. परत उघडल्यावर ‘रिस्टोअर’ विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर तेच पान पुन्हा येऊन बसतं. चौकटीवरच्या फुलीचाही भरवसा नाही, कधी ती नुसतं चित्र असते. मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या साइटींची यादी उघडा आणि अनोळखी साइटी काढून टाका. माझ्याकडे 23 साइटी निघाल्या. एकीचंही नाव ओळखीचं नव्हतं.

पॉप-अप, म्हणजे आपोआप वेगळ्या खिडकीत उघडणाऱ्या जाहिरातीचा कोड पहिल्यांदा लिहिणारा ईथन झुकरमन नावाचा अमेरिकन माणूस आहे. 1990 च्या दशकात तो ट्रायपॉड डॉट कॉममध्ये होता, तिथे लोक आपापली वेबपानं बनवायचे. जाहिरातदाराला आपली जाहिरात भलत्या पानावर दिसायला नको होती, म्हणून याने ती वेगळ्या खिडकीत टाकली. 2014 मध्ये त्याने जाहीर माफी मागितली. चला, कुणीतरी मागितली.

नाना परवा आले होते, दुसऱ्याच फॉर्मसाठी. फॉर्म भरून झाला, पैसे देताना स्क्रीनकडे बोट करून विचारलं, “तो भोंगा परत वाजना का?” नाही म्हटलं. त्यांनी खाली वाकून पिन कुठेय ते बघून घेतलं आणि मग गेले.