पुसलेले अंदाज मोजायचे राहिले

सोशल मीडियावर लोक एखाद्या ब्रँडबद्दल काय बोलतात, किती बोलतात, कोणत्या पोस्टला प्रतिसाद देतात, हे मोजणं हे माझं काम. नऊ वर्षं तेच करतेय. त्यामुळे खेळांचे अंदाज विकणाऱ्या एका पेजने मला फसवलं, हे लिहायला मला बरेच महिने लागले. नुकसान माझ्यापुरतं राहिलं असतं तर कदाचित लिहिलंही नसतं. पण माझ्या अहवालावर विसंबून एका छोट्या ब्रँडने त्या पेजशी करार केला आणि त्या ब्रँडकडे बघून त्याच्या गिऱ्हाइकांनी पैसे भरले. त्या गिऱ्हाइकांचे मेसेज मी अजून पुसलेले नाहीत.

ब्रँड खेळाचं सामान बनवणारा. मालक मला म्हणाले, "ताई, सगळीकडे जाहिरात करत बसण्यापेक्षा खेळ मनापासून बघणाऱ्या माणसांपर्यंत थेट पोचायचंय. एखादं चांगलं पेज शोधून द्या." मी पाच पेजं निवडली. त्यातलं एक 'डेटावर आधारित अंदाज' देणारं होतं. प्रत्येक सामन्याआधी एक कार्ड यायचं: कोण जिंकणार, किती टक्के खात्री, आणि खाली एक आलेख. मजकुरात एलो रेटिंग (खेळाडू किंवा संघाच्या ताकदीचे गुण), पॉयसन वितरण (सरासरीवरून किती गोल होण्याची किती शक्यता, ते सांगणारं गणित), एक्स्पेक्टेड गोल्स (मिळालेल्या संधींवरून किती गोल व्हायला हवे होते त्याचा हिशेब) असे शब्द. हे शब्द पोकळ नाहीत. आर्पाड एलो यांनी बुद्धिबळासाठी बसवलेली पद्धत अशी की, दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूकडून साधारण ७६ टक्के यशाची अपेक्षा धरायची. फिफाने २०१८ पासून पुरुष संघांची क्रमवारी याच तत्त्वावर आणली. फुटबॉलमधल्या गोलांचा अंदाज पॉयसनच्या आधाराने बांधणारं डिक्सन आणि कोल्स यांचं मॉडेल १९९७ पासून अभ्यासकांच्या परिचयाचं आहे. खऱ्या विद्येची नावं कानावर पडली की आपण सैल होतो. मी झाले.

तरी मी तपासलं होतं. मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं की मी तपासलं होतं. पेज म्हणत होतं, 'आमचं मॉडेल ७८ टक्के अचूक.' मी त्यांच्या शब्दावर गेले नाही. तीन महिन्यांच्या सगळ्या पोस्ट उतरवून घेतल्या, प्रत्येक अंदाजासमोर सामन्याचा खरा निकाल लिहिला. २१२ अंदाज, त्यातले १६५ बरोबर. भागाकार केला तर ७७.८. मधले कितीतरी अंदाज चुकलेलेही होते आणि ते पेजवर तसेच दिसत होते, त्यामुळे तर माझा विश्वास अधिकच बसला. लबाड माणूस आपल्या चुका कशाला ठेवेल, असं मला वाटलं.

मग माझी नेहमीची कामं केली. दर पोस्टला किती लाइक, किती कमेंट, किती लोकांनी पुढे पाठवली. कमेंटमधला सूर मोजला, तर दहातल्या नऊ कमेंट कौतुकाच्या. संताप, शिव्या, 'पैसे बुडाले' असलं जवळजवळ काहीच नाही. खेळाच्या पेजवर इतका गोडवा नसतो, हे मला माहीत होतं. अहवालात मी त्याला 'निष्ठावान समुदाय' असं नाव दिलं. फॉलोअरचा आलेखही जिन्यासारखा होता: आठवडाभर सपाट, मग एका रात्रीत उभी उडी, परत सपाट. खरी वाढ अशी क्वचितच दिसते. एखादी पोस्ट गाजली तरी तिच्यानंतर वाढ हळूहळू ओसरते, कात्रीने कापल्यासारखी थांबत नाही. खोटे फॉलोअर विकणं हा रीतसर धंदा आहे, अमेरिकेत देवुमी नावाच्या कंपनीवर याच कारणासाठी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये कारवाई केली, हे मी स्वतः नवशिक्यांना सांगत आलेय. पण ७७.८ हा आकडा मी माझ्या हाताने काढला होता. त्याच्यापुढे बाकीचं सगळं मी समजून घेतलं, पोटात घातलं.

पेजच्या माथ्यावर एक पोस्ट पिन केलेली होती. दुबळ्या मानल्या गेलेल्या संघाने बलाढ्य संघाला हरवलं, तो सामना त्यांनी आधीच सांगितला होता. ती पोस्ट मालकांनाही फार आवडली. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ निकाल बरोबर सांगितले, ते जगाला आठवतं. त्याच पॉलने २००८ च्या युरोपीय स्पर्धेत सहापैकी चारच बरोबर सांगितले होते, ते फारसं कोणी आठवत नाही. पिन केलेली पोस्ट दिसते, कारण ती तिथे खिळून ठेवलेली असते.

करार झाला. ब्रँडच्या नावाचा कूपन कोड निघाला. तो वापरून पेजच्या 'व्हीआयपी' गटाचं सदस्यत्व घेतलं की सवलत. मीही घेतलं, माझ्या पैशाने. आतलं मॉडेल कसं चालतं हे बघायची मला खरोखर उत्सुकता होती.

मोहिमेचा परिणाम मोजायचा म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लावली. ती दर तासाला पेजवरच्या सगळ्या पोस्ट, कमेंट आणि आकडे वेळेसकट साठवून ठेवायची. ब्रँडचा उल्लेख किती वेळा होतो एवढंच मला हवं होतं. सहा आठवड्यांनी अहवाल लिहायला बसले, तेव्हा माझ्या साठ्यात १४३ अंदाज होते आणि पेजवर त्याच काळातले ९१. आधी वाटलं, स्क्रिप्टने एकच पोस्ट दोनदा घेतली असेल. मग एकेक जुळवत गेले. रात्री अडीच वाजले असतील. पेजवर नसलेले ५२ अंदाज मी वेगळे काढले आणि त्यांचे निकाल बघितले.

५२ च्या ५२ चुकलेले.

मूळ १४३ पैकी बरोबर आलेले ७१ होते, म्हणजे निम्मे. नाणं उडवल्यासारखं. चुकलेल्या ७२ पैकी ५२ त्यांनी पुसले आणि २० मुद्दाम ठेवले. ९१ पैकी ७१ बरोबर, म्हणजे बरोबर ७८ टक्के. ते २० अंदाज माझ्यासारख्यासाठी ठेवलेले होते. शंभर टक्के दिसलं असतं तर मी त्याच दिवशी लॅपटॉप मिटला असता. पुसण्याचीही पद्धत होती: सामना हरल्यावर लगेच नाही, तीन-चार दिवसांनी, लोक पुढच्या सामन्यात गुंतल्यावर.

आणि पोस्ट पुसली की तिच्याखालच्या कमेंटही जातात. हे इतकं साधं आहे की मला ते सुचलं नाही याचं दुःख होतं. साठ्यातल्या त्या ५२ पोस्टखाली सगळा संताप होता. 'काल पण असंच सांगितलं होतं', 'माझी फी परत करा', 'ॲडमिन उत्तर का देत नाही'. मी ज्याला निष्ठावान समुदाय म्हटलं, तो तक्रारी खरवडून काढल्यावर उरलेला भाग होता. उरलेल्या कौतुकातही एकाच साच्यातली वाक्यं वेगवेगळ्या नावांनी फिरत होती, आणि त्या खात्यांवर स्वतःची अशी एकही पोस्ट नव्हती.

दरम्यान ब्रँडच्या एका गिऱ्हाइकाने मालकांना लिहिलं होतं की व्हीआयपी गटातला अंदाज चुकला. मालकांनी मला विचारलं. मी माझ्या फोनवर पाहिलं, तर त्या सामन्याचा अंदाज बरोबर होता. मी तसं कळवलंही. नंतर त्या गिऱ्हाइकाने स्क्रीनशॉट पाठवला. त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच सामन्यासाठी त्याच्या गटात उलट संघाचं नाव आलं होतं. व्हीआयपी गट एक नव्हता. किती होते ते मला आजही ठाऊक नाही.

ही युक्ती जुनी आहे. १०२४ लोक घ्या. अर्ध्यांना सांगा अमुक संघ जिंकेल, अर्ध्यांना सांगा तमुक. हरलेल्या बाजूचे सोडून द्या, उरलेल्या ५१२ चे पुन्हा दोन भाग करा. पाच सामन्यांनंतर ३२ माणसं अशी उरतात, ज्यांनी पाचही अंदाज डोळ्यांदेखत खरे होताना पाहिलेत. त्या ३२ जणांना तुम्ही काहीही विकू शकता, कारण त्यांचा अनुभव खोटा नाही. ब्रिटनमधला जादूचे प्रयोग करणारा कलाकार डेरेन ब्राऊन याने २००८ मध्ये टीव्हीवर हेच घोड्यांच्या शर्यतींवर करून दाखवलं होतं: सहा घोडे, पाच शर्यती, सुरुवातीला ७७७६ माणसं आणि शेवटी सलग पाच वेळा जिंकलेली एकच व्यक्ती. मी बहुधा त्या सुदैवी गटांपैकी एकात होते.

आता मागे वळून बघताना आणखी एक गोष्ट टोचते. समजा ७८ टक्के खरं असतं, तरी त्याला एकट्याला काही अर्थ नव्हता. समजा त्यातले बरेचसे अंदाज अशा सामन्यांचे असते जिथे कोण जिंकणार हे कुणीही सांगेल. अशा संघावर पैज लावली तर भाव मिळतो १.२० वगैरे, म्हणजे जिंकलात तर एका रुपयाचे मूळ रुपयासकट १.२० रुपये परत. शंभर वेळा एकेक रुपया लावला आणि ७८ वेळा जिंकलात, तर हातात येतात ९३.६ रुपये. लावलेले शंभर. फक्त बरोबरीला यायला १.२० च्या भावात ८३.३ टक्के अचूक असावं लागतं. अचूकतेचा आकडा भावाशिवाय सांगणारा माणूस अर्धीच गोष्ट सांगतो, आणि मी त्याला उरलेली अर्धी विचारलीच नाही.

खात्रीच्या टक्क्यांचंही तसंच. हवामानाचे अंदाज जोखण्यासाठी ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये एक माप मांडलं. सांगितलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट यांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सरासरी काढायची. जितकं कमी तितकं चांगलं. दरवेळी '५० टक्के' म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात. हे पेज बहुतेक कार्डांवर '९० टक्के खात्री' लिहायचं. निम्मे बरोबर आणि निम्मे चूक धरले तर ब्रायर गुण येतात ०.४१. काहीच माहीत नाही असं कबूल करणारा माणूस त्यांच्यापेक्षा चांगला अंदाज देत होता. हे गणित पाच मिनिटांचं आहे. करार होण्याआधी मी ते करायला हवं होतं.

ॲडमिनला मी सगळी यादी पाठवली. उत्तर आलं, "मॅडम, जुन्या पोस्ट आम्ही क्लीन-अप करतो, सगळेच करतात." मी विचारलं, फक्त चुकलेल्याच कशा जुन्या होतात? मग "व्हेरियन्स असतो, लाँग टर्म बघा." म्हणजे नशिबाचे चढउतार असतात, लांबचं बघा. मग "तुमच्या क्लायंटला प्रीमियम पॅकेज फ्री देतो, विषय वाढवू नका." मी पैसे परत मागितले, ब्रँडचे आणि गिऱ्हाइकांचेही. त्यानंतर मला ब्लॉक केलं, आणि त्याच संध्याकाळी पेजवर माझं नाव न घेता 'स्पर्धकांकडून बदनामी' अशी पोस्ट आली. तिच्यावर पहिल्या चार मिनिटांत लाइकचा पाऊस, नंतर एकही नाही.

मालकांना सांगायला मी स्वतः गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ताई, आपल्या नावावर किती जणांनी घेतलं?" कूपन कोडवरून आकडा निघत होता. त्यांनी त्या प्रत्येकाला स्वतः लिहिलं, झालेलं कळवलं, आणि सदस्यत्वाचे पैसे आपल्या खिशातून दिले. त्यात मी माझी फी घातली. पेजकडून आजपर्यंत काही आलेलं नाही. साठवलेल्या पोस्ट, त्यांच्या वेळा, स्क्रीनशॉट, पैसे भरल्याच्या नोंदी असं सगळं बाड आम्ही पोलिसांकडे, पेज ज्या ॲपवर होतं त्या ॲपकडे आणि पैसे ज्या मार्गाने गेले त्यांच्याकडे दिलं आहे. तुमच्या बाबतीत असं झालं तर जाब विचारण्याआधी पुरावा साठवा. मी आधी जाब विचारला, आणि दुसऱ्या दिवशी व्हीआयपी गटातला सगळा मजकूर गायब होता. स्क्रिप्ट गटात चालत नव्हती; तिथलं माझ्याकडे उरलं ते त्या गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटइतकंच.

हल्ली कुठलाही अंदाजवाला ब्रँडकडे आला की मी त्याला एकच काम देते. पुढच्या महिनाभराचे अंदाज सामन्याआधी एका फाइलमध्ये लिही, त्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून गणिताने काढलेला, बोटाच्या ठशासारखा अंक-अक्षरांचा संच) आम्हाला पाठव, फाइल नंतर दे. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी हॅश जुळत नाही, आणि मॉडेलचं गुपितही उघडं पडत नाही. सोबत प्रत्येक अंदाजाच्या वेळचा भाव हवा. आतापर्यंत तिघांना विचारलं. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्याने विचारलं, "स्क्रीनशॉट चालतील का?"

गेल्या आठवड्यात एक नवं पेज माझ्यासमोर आलं. नाव वेगळं, रंग वेगळे, पण पहिल्या पोस्टखाली कौतुक करणाऱ्यांत तीन खाती माझ्या जुन्या साठ्यातली निघाली, त्याच वाक्यांसकट. मी पहिल्याच दिवशी स्क्रिप्ट लावली, आता दर दहा मिनिटांनी. आठवड्यात ३१ अंदाज आले. आज सकाळी त्यातले १९ दिसत होते. गेलेल्या १२ ची यादी आणि पूर्ण साठा मी त्या जुन्या तक्रारीला जोडून दिला आहे.