घरशाळा की शाळा? सोलापुरातील ख्रिस्ती कुटुंबासाठी एक तुलनात्मक आढावा

मूल सहा वर्षांचे होत आले की शाळेत नाव घालण्याचा विषय प्रत्येक घरात निघतो. अलीकडे काही ख्रिस्ती घरांत त्याच्या जोडीने दुसराही प्रश्न निघू लागला आहे, तो म्हणजे मुलाला घरीच का शिकवू नये. 2020 च्या टाळेबंदीत घरात भरलेली शाळा सगळ्यांनीच पाहिली. बहुतेकांना ती नकोशी झाली, पण थोड्या पालकांना तिच्यात आपल्या मनासारखे काहीतरी दिसले. हा आढावा अशा पालकांसाठी आहे. त्यात परीक्षेतील गुणांपेक्षा घराच्या दिनक्रमाचा आणि सणवारांचा विचार अधिक केला आहे, कारण निर्णयानंतर रोजचा फरक तिथे पडतो आणि निर्णयाआधी त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

कायद्याची बाजू आधी आटोपून घेऊ. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वयोगटातील मुलाला शाळेत दाखल करणे हे त्याने पालकांचे कर्तव्य ठरवले आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकवण्याचा उल्लेखही त्यात नाही. म्हणून घरशाळा चालवणारे कुटुंब ना कुणाची परवानगी घेते, ना त्याला कुणाचे पाठबळ मिळते. शाळेच्या पटावर नाव असल्यामुळे मिळणारी पाठ्यपुस्तके, पोषण आहार आणि वर्षअखेरची गुणपत्रिका या गोष्टी त्याच्या वाट्याला येत नाहीत. परत फिरण्याची वाट मात्र याच कायद्याने उघडी ठेवली आहे: कलम 4 नुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी खास शिकवणीचीही तरतूद आहे. सहाव्या वर्षी घेतलेला निर्णय दहाव्या वर्षी बदलता येतो, हे आधीच माहीत असले म्हणजे मनावरचे ओझे बरेच हलके होते.

आता रोजचा दिवस पाहू. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरात सकाळची प्रार्थना बहुधा दारातच होते. रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असतात, डब्याचे झाकण नीट लागलेले नसते, आणि आई मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दोन वाक्ये बोलते. कौटुंबिक प्रार्थना रात्रीवर जाते, आणि वडील कारखान्यातून किंवा दुकानातून येईपर्यंत मूल पेंगलेले असते. घरशाळेत हीच प्रार्थना दिवसाचा पहिला पाठ होते. एक गीत, शास्त्रातील एक उतारा, त्यातील एखादे वचन मुखपाठ, आणि मग गणिताची वही. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (1842–1923) यांच्या पद्धतीत लहान मुलांचे पाठ पंधरा-वीस मिनिटांचेच असतात, आणि ती पद्धत ख्रिस्ती घरशाळांत जगभर प्रिय आहे. सोलापुरात तर ती सोयीचीही आहे, कारण मार्चनंतर दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी साडेसहाला बसून साडेदहाला वह्या मिटवणारे घर उन्हाळ्यात शाळेपेक्षा सुखात राहते. निसर्गाचा पाठ हिप्परग्याच्या तलावाकाठी किंवा माळढोकासाठी राखलेल्या नान्नजच्या माळरानावर होऊ शकतो, आणि त्यासाठी सहलीच्या वर्गणीची वाट पाहावी लागत नाही.

परंतु याच घरात पाण्याचा दिवसही येतो. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते हे सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. त्या दिवशी पिंप, घागरी, बादल्या, टाकी, सारे भरेपर्यंत आईचे हात मोकळे होत नाहीत आणि पाठ कुठल्या कुठे जातो. शाळेतल्या मुलाचा तास पाण्यासाठी थांबत नाही, घरातल्या मुलाचा थांबतो. पाहुणे, दवाखाना, लग्नकार्य, सासूबाईंचे दुखणे, प्रत्येक गोष्ट शाळेच्या वेळात शिरते, कारण नातेवाईकांच्या लेखी ‘ती घरीच तर असते’. घरशाळेचा खर्च मोजताना पुस्तकांची किंमत मांडली जाते आणि एका माणसाची, बहुतेक ठिकाणी आईचीच, संपूर्ण सकाळ मात्र फुकट धरली जाते. नोकरी, शिवण किंवा शिकवण्या सोडून ती घरी बसणार असेल, तर ते उत्पन्न कागदावर मांडावे आणि शाळेच्या फीशेजारी ठेवून पाहावे. माझ्या मते पुष्कळ घरांचा निर्णय या एकाच हिशेबात होतो.

आपल्या सणांच्या बाबतीत घरशाळेचे पारडे निर्विवाद जड आहे, आणि त्याचे कारण शाळांच्या वेळापत्रकात आहे. राज्यातील मराठी शाळांना दिवाळीची सुट्टी मोठी असते, नाताळची बहुधा एक दिवसाची. शिक्षण विभागाच्या परिपत्रकानुसार उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ती गणेशोत्सव अथवा नाताळ यांसाठी देता येते, पण वर्षाच्या एकूण सुट्ट्या 76 दिवसांच्या वर जाऊ द्यायच्या नसतात; साहजिकच वर्गात ख्रिस्ती मुले एक-दोन असतील तिथे ही मुभा नाताळाकडे वळत नाही. मिशनच्या शाळांत परिस्थिती बरी असते. इतर शाळांतील मुलाचा डिसेंबर मात्र ओढाताणीचा होतो. रात्री तरुण संघाबरोबर कॅरोल गात घरोघर फिरायचे, शेवटच्या घरी चहा आणि केक घेऊन मध्यरात्री परतायचे, आणि सकाळी सातच्या शाळेत डुलक्या काढायच्या. पुष्कळ आया म्हणूनच मुलांना कॅरोलला पाठवत नाहीत.

घरशाळेतले मूल नाताळापूर्वीच्या आगमनकाळाचे चारही रविवार सावकाश जगते. बांबूच्या कामट्या तासून, त्यांना दोऱ्याने आवळून, वर पतंगी कागद खळीने चिकटवून चांदणी घरात तयार होते. खळ वाळण्याआधी कागद ओढला तर तो फाटतो, आणि दुसऱ्यांदा चिकटवताना मूल आपोआप हळू हात लावते. करंज्या, शंकरपाळे, चिवडा आणि लाडू या फराळाच्या घाण्यात त्याचाही पाट मांडलेला असतो, शेजारी ताटे पोहोचवण्याचे काम त्याच्याकडे असते. सत्य असे, की अशा घरांत डिसेंबरमध्ये गणिताची वही फारशी उघडली जात नाही. तो महिना सणाचाच म्हणून आधी मान्य केला आणि दिवाळीच्या सुट्टीत अभ्यास पुढे नेऊन ठेवला, तर काही बिघडत नाही. दिवाळीही सुट्टी, डिसेंबरही सुट्टी, असे झाले तर मात्र जानेवारीत पश्चात्तापाची वेळ येते.

इस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहाचे दुखणे याहून मोठे आहे. पाश्चात्त्य परंपरेप्रमाणे इस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान येतो. आपल्या शाळांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असतात. झावळ्यांच्या रविवारपासून पुनरुत्थान दिनापर्यंतचा आठवडा बहुधा परीक्षेच्या तोंडावर किंवा ऐन परीक्षेत सापडतो. उत्तम शुक्रवारची सुट्टी मिळते, पण गुरुवारच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला मूल पुस्तक सोडून येत नाही, आणि शुक्रवारी भर दुपारी क्रूसावरील सात उद्गारांवरची मनने चालू असताना त्याच्या डोळ्यांसमोर सोमवारचा पेपर असतो. घरशाळेत हा प्रश्न उद्भवतच नाही. तिथे इस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस हाच एक सलग पाठ करता येतो, आणि पहाटेच्या उपासनेनंतर कबरस्तानात आजोबांच्या कबरीवर फुले ठेवताना कुणालाही घाई नसते.

काही प्रसंगांत मात्र दोन्ही घरे सारखीच. हंगामाच्या, म्हणजे नव्या पिकाबद्दल आभार मानण्याच्या, उपासनेनंतर मंडळीत (चर्चमध्ये) ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, कोंबड्या यांचा लिलाव होतो, तो रविवारीच. एखादे मोठे मूल वहीत बोली लिहून घेते, चारशेला सुटलेल्या भोपळ्याचे पैसे कुणाकडून यायचे याची नोंद ठेवते. यासाठी शाळा सोडावी लागत नाही. संडेस्कूल, मे महिन्यातील सुट्टीची शास्त्रशाळा, 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना यांबाबतही तसेच.

यानंतर इतरांच्या सणांचा विषय येतो, आणि तिथे शाळेची बाजू जड आहे. सोलापूर हे मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्यांचे गाव. त्यात ख्रिस्ती कुटुंबे थोडी. शाळेतले मूल वर्गमित्रांकडून तिळगूळ आणते, शीरखुर्म्याचे आमंत्रण आणते, कन्नडमधील चार शब्द आणि तेलुगूमधील चार शिव्याही आणते. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा भरते, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरतो. यात्रेतील धार्मिक विधी आपल्या श्रद्धेचे नाहीत हे मुलाला समजावून सांगता येते, आणि गड्ड्यावरच्या पाळण्यात मित्रांबरोबर बसूही देता येते; या दोन गोष्टींत अंतर राखणे शाळेतले मूल रोजच्या व्यवहारातून शिकते. घरशाळेतल्या मुलाला तो सराव मुद्दाम मिळवून द्यावा लागतो. शेजारच्या मुलांबरोबर संध्याकाळचा खेळ, वाचनालय, क्रिकेटचा किंवा पोहण्याचा वर्ग, यांतील काहीतरी ठरलेल्या वारी हवेच. केवळ दुसऱ्यांच्या सणांची भीती वाटते म्हणून जे पालक घरशाळेकडे वळतात, त्यांना मी स्पष्टपणे नको असेच सांगेन. भीतीने उभारलेली घरशाळा मुलाला मंडळीबाहेर एकही मित्र ठेवत नाही, आणि पुढे महाविद्यालयात ते गोंधळून जाते.

अभ्यासक्रमाबद्दल एक इशारा आवश्यक आहे. ख्रिस्ती घरशाळेची आजची चळवळ मुख्यतः अमेरिकेतून आली. तिथे 1993 पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले आणि त्या भोवती पुस्तकांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. ती पुस्तके आकर्षक असतात, पण त्यांत नाणी डॉलर आणि सेंटची, मापे फूट आणि पाउंडांची, आणि सण थँक्सगिव्हिंगचा. त्यांत नारायण वामन टिळक (1861–1919) नाहीत, ज्यांनी ओवी-अभंगांच्या चालीत ख्रिस्तगीते लिहिली आणि कीर्तनाचा वापर उपासनेसाठी केला. पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाई (1858–1922) नाहीत. 1842 मध्ये अहमदनगरला सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक नाही. सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या फाशीचा 12 जानेवारी 1931 हा दिवसही त्यांत असणार नाही; शाळेतल्या मुलाला तो निदान प्रभातफेरीत तरी कळतो. शाळेत श्रद्धा पातळ होईल म्हणून मूल घरी ठेवायचे, आणि घरी त्याला अशा ख्रिस्ती जगात वाढवायचे की आजीबरोबर टिळकांचे एक गीतही गाता येऊ नये, यात काय मिळवले? बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत उपलब्ध आहेत. मराठी, परिसर अभ्यास आणि गणित त्यांतून, शास्त्र आणि गीते घरच्या परंपरेतून, आणि इंग्रजी वाचनासाठी हवी तर परदेशी पुस्तके, अशी मांडणी स्वस्तही पडते आणि शाळेत परतण्याची वेळ आली तर उपयोगीही ठरते.

दहावीचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) माध्यमिक परीक्षेला 14 वर्षे पूर्ण झाल्यावर प्रवेश घेता येतो, पाच विषय पुरे होतात, वर्षातून दोनदा परीक्षा होते, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. राज्य मंडळाच्या दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते, पण तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. हा दाखला आपल्याकडे जन्मभर पुरतो. जातीचा दाखला, पडताळणी, अधिवास, सगळीकडे तो लागतो, आणि अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागास वर्गाची सवलत असल्यामुळे आपल्यातील कित्येक कुटुंबांना त्याची गरज पडते. म्हणून पहिलीपासून कधीच शाळेत न गेलेल्या मुलापेक्षा दोन-तीन इयत्ता शिकून दाखला घेतलेल्या मुलाचे कागद सोपे जातात. कागदांसाठी शाळेत घालणे काहींना हिशेबीपणा वाटेल. तहसील कचेरीत उभे राहिल्यावर तो वाटत नाही.

एवढे पाहता, आई-वडील दोघेही कामाला जात असतील किंवा घरात दुसऱ्या मोठ्या माणसाचा आधार नसेल, तर मूल शाळेत घालावे आणि सण घरी राखावेत. नाताळच्या आठवड्यात दोन दिवस आणि पवित्र गुरुवारी एक दिवस रजेचा अर्ज द्यायला संकोच करू नये, कारण बहुतेक वर्गशिक्षक अशी रजा नाकारत नाहीत. ज्या घरात एका माणसाची सकाळ खरोखर मोकळी आहे, वाचनाची सवय आहे आणि घराबाहेर मुलाची ऊठबस आहे, तिथे प्राथमिक इयत्तांपुरती घरशाळा चांगली चालू शकते. पाचवीनंतर विज्ञान आणि गणित कोण शिकवणार, हे आधी ठरलेले असावे. या दोन्हींच्या मध्ये असलेल्यांनी मुलाचे नाव शाळेत राहू देऊन दिवाळीच्या सुट्टीत घरशाळेचे पूर्ण वेळापत्रक चालवून पाहावे. ते फराळाच्या घाईत आणि पाण्याच्या दिवसांतही पाळावे, आणि त्यातील निदान एक आठवडा वडिलांनी सुट्टी काढून स्वतः शिकवावे.