बरोक थाटाचं घर: चौदा महिने आणि एक पावसाळा

कुडाळजवळच्या आमच्या घराच्या दर्शनी बाजूला बरोक थाट, म्हणजे जुन्या युरोपीय चर्चांसारखी भारदस्त नटवी बांधणी, करून चौदा महिने झाले. खाली जोडखांब, मध्ये जाड कॉर्निस, म्हणजे भिंतीतून पुढे आलेली आडवी पट्टी, वर दोन्ही अंगांना शंखासारख्या मोठ्या गुंडाळ्या. खांब जीआरसीचे, म्हणजे काचतंतू घातलेल्या सिमेंटचे. कॉर्निस मात्र थर्माकोलची, वरून सिमेंटचा पातळ लेप. "हलकी असते, भिंतीवर भार नाही," ठेकेदार म्हणाला. ते खरंच आहे.

आधी सुख सांगतो. चारनंतर ऊन तिरपं झालं की खांबांच्या सावल्या भिंतीवर सरकायला लागतात. तेवढ्यासाठी मी चहाचा कप घेऊन फाटकापाशी जातो. सपाट भिंतीत ही मजा नाही.

मग जून आला. कॉर्निसच्या माथ्याला उतार नव्हता आणि पोटाला पागोळी तोडणारी खाच नव्हती. पाणी वर साचायचं, कडेवरून आत वळायचं आणि भिंत धरून उतरायचं. गणपतीपर्यंत काळे-हिरवे ओघळ. मावशीने अंगणातूनच विचारलं, "घर जुना घेतलंस काय रे?" पुढे एका सकाळी पडवीत पांढरे दाणे पडलेले. आईला वाटलं तांदूळ सांडले. लेपाला गेलेल्या केसाएवढ्या चिरेतून काळ्या मुंग्या आत शिरल्या होत्या आणि थर्माकोल पोखरत होत्या.

वैतागून जुन्या गोव्यात बॉम जीझसची भिंत बघून आलो. हे चर्च 1605चं. भिंत जांभ्याची, पण कोरीवकामाला वसईहून आणलेला काळा दगड. जांभ्यावरचा गिलावा 1950च्या दशकात काढला, तेव्हापासून पाऊस थेट दगडावर. तो गिलावा शोभेचा नव्हता, इरलं होतं! आणि गुंडाळ्या? रोमच्या इल जेझू चर्चचा खालचा मजला रुंद, वरचा अरुंद. मधली पायरी झाकायला वास्तुकार जाकोमो देल्ला पोर्ताने त्या तिथे बसवल्या. आमच्या गुंडाळ्यांमागे पाण्याची टाकी आहे. तीही अर्धीच झाकली जाते.

दिवाळीनंतर गवंडीकाकांनी पश्चिमेची कॉर्निस उतरवून सिमेंटची ओतली, माथ्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला, खाली ग्राइंडरने बोटभर रुंद खाच मारली. मी पाइपने अर्धा तास पाणी सोडून बघितलं. थेंब खाचेपाशी येऊन सरळ खाली.

पुन्हा बांधायचं झालं तर खांब ठेवीन, गुंडाळ्या नकोत. पूर्वेची कॉर्निस अजून थर्माकोलचीच आहे. बजेट संपलं.