काळं वावर, मुरूम आणि तापलेलं डांबर: ड्युअल स्पोर्ट गाडीला विदर्भात कोणता टायर घ्यावा

रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि हिरोची एक्सपल्स, म्हणजे डांबरावर आणि कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालणाऱ्या ड्युअल स्पोर्ट गाड्या, आता तालुक्याच्या गावातही दिसतात. त्यांचा कंपनीचा टायर झिजला की खरी अडचण सुरू होते. २१ इंची पुढचा टायर जिल्ह्याच्या दुकानातही सहसा मागवावाच लागतो, आणि मागवायचाच असेल तर आपल्या रस्त्याचा विचार करून मागवलेला बरा. जाहिरातीत दिसतो तो वाळूचा टेकडा किंवा बर्फाचा घाट. इथे गाडीला दिसते ती काळी माती, बाभळीचा काटा आणि मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्रीचं डांबर.

आधी माप. त्यात पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिम इंचांत. एक्सपल्स २००, हिमालयन ४११ आणि हिमालयन ४५० या तिघींचा पुढचा टायर ९०/९०-२१. मागे मात्र प्रत्येकीचं वेगळं: एक्सपल्सला १२०/८०-१८, हिमालयन ४११ला १२०/९०-१७, ४५०ला १४०/८०-१७. ‘एकशेवीसचाच आहे, बसून जाईल’ असं सांगून एक्सपल्सवाल्याच्या गळ्यात १२०/९०-१८ मारला जातो. तो रिमवर बसतोही. पण १२०/८०-१८ची एकूण उंची साधारण ६४९ मिलिमीटर भरते आणि १२०/९०-१८ची ६७३. म्हणजे गाडी मागून बारा मिलिमीटर वर जाते आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), मडगार्डजवळची जागा तेवढीच कमी होते. कोरड्या रस्त्यावर हे कळत नाही. चिखल भरला की चाक घासायला लागतं. १०० सीसी गाडीचा १८ इंची बारीक टायर तर घेऊच नका. त्याचा भार-क्रमांक कमी असतो. टायरवर मापापुढे ‘६२ एस’ असं काही लिहिलेलं असतं, त्यातल्या ६२चा अर्थ तो टायर २६५ किलो भार पेलतो आणि ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. मूळ टायरपेक्षा हा आकडा खाली जाऊ देऊ नका, विशेषतः मागे डबलसीट आणि कॅरियरला खताचं पोतं बांधायची सवय असेल तर.

आता नक्षी, म्हणजे टायरवरच्या रबरी ठोकळ्यांची मांडणी. एकीकडे रस्त्याकडे झुकलेले टायर आहेत: हिमालयन ४११वर आलेला सिएट ग्रिप एक्सएल, पिरेलीचा एमटी ६०, केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरवर आलेला मेट्झेलर टूरान्स. त्यांचे ठोकळे जवळजवळ असतात. दुसरीकडे मोकळ्या नक्षीचे, उंच ठोकळ्यांचे टायर, ज्यांना सगळे बटन टायर म्हणतात. मिशेलिनचा अनाकी वाइल्ड हे त्यातलं ओळखीचं नाव. दोन्ही टायर एकाच जातीचे घ्यायचे असं कुठे लिहिलेलं नाही. विदर्भासाठी आमचं मत स्पष्ट आहे: पुढे मोकळ्या नक्षीचा, मागे जवळच्या नक्षीचा.

कारण काळ्या मातीत आहे. ती ओली झाली की फुगते आणि चिकटते. पांदणीत शिरल्यावर थोड्याच अंतरात ठोकळ्यांमधली जागा भरते, आणि मग टायर कितीही महागाचा असो, तो गुळगुळीत टायरसारखाच वागतो. तिथे ठोकळ्याच्या उंचीपेक्षा दोन ठोकळ्यांमधली जागा महत्त्वाची, कारण जागा मोठी असेल तरच चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. मागचं चाक तुम्ही रेस देऊन फिरवू शकता, ते स्वतःला साफ करून घेतं. पुढचं चाक नुसतं लोळतं. पहिल्या गियरमध्ये दहा-पंधराच्या वेगाने त्यातली माती कधीच उडत नाही. हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाते आणि चाक बाजूला निसटतं, ते याच कारणाने. मागचं चाक घसरलं तर पाय टेकवून सावरता येतं, पुढचं निसटलं की गाडी आडवी. म्हणून मोकळी नक्षी पुढे हवी.

मागे जवळची नक्षी का, तर उन्हाळा आणि सिमेंट रस्ता. जोर मागच्या चाकावर, सामान मागच्या चाकावर, आणि बटन टायरचा ठोकळा तापलेल्या रस्त्यावर वाकतो, घासला जातो, कडेने तुटतो. रोज तीस-चाळीस किलोमीटर डांबरी किंवा सिमेंट रस्ता आणि शेवटी दोन किलोमीटर वावराची वाट, असा वापर असेल तर मागचा बटन टायर साधारण पाच ते आठ हजार किलोमीटरमध्ये मधोमध सपाट होतो. जवळच्या नक्षीचा टायर त्याच वापरात बारा हजारांच्या पुढे जातो. पुढच्या टायरवर जोर नसल्याने तिथे मोकळ्या नक्षीलाही आयुष्य मिळतं, म्हणजे महागडा टायर जिथे जास्त टिकतो तिथेच लागतो. मेळघाटात परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना ओल्या वळणांवर दोन्ही बटन टायर असतील तर रस्त्याला टेकणारं रबर कमी पडतं. ब्रेक लांबतो, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लवकर धडधडतं. मागे जवळची नक्षी असेल तर वळणातून निघताना भरवसा वाटतो. पुढे मात्र ब्रेक जरा आधी आणि हळू दाबायची सवय करावीच लागते, ही या जोडीची किंमत आहे.

पावसाळ्यात भरपूर पडून गेल्यावर लगेच काळ्या पांदणीत कोणताच टायर चालत नाही. एक दिवसाची उघडीप मिळाली आणि वरचा थर सुकला की मगच जा. चाकाला लागून मडगार्ड असलेल्या गाडीत माती टायर आणि मडगार्डच्या मधे ठासून भरते आणि चाक जाम होतं. मोकळ्या नक्षीचा टायर थोडा उंच असतो, तेव्हा बसवल्यावर टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटं जातात का ते पाहा. जात नसतील तर पावसाळ्यापुरतं खालचं मडगार्ड काढून ठेवा.

गडचिरोली, चंद्रपूरकडच्या मुरमाड जंगलवाटांचं गणित वेगळं आहे. कडक जमिनीवर सुटे खडे पसरलेले असतात, त्यात उंच ठोकळे रुतत नाहीत, वरच्यावर तरंगतात. तिथे जास्त रबर टेकवणारा टायर आणि थोडी कमी हवा कामाला येते. तुमचा सगळा वापर तिकडचाच असेल तर दोन्ही जवळच्या नक्षीचे चालतील. गिट्टी टाकून सोडलेल्या रस्त्यावर मात्र हवा कमी करू नका.

हवेचं प्रमाण गाडीच्या स्टिकरवर असतं, रस्त्यासाठी तेच पाळा. मुरूम किंवा चिखलासाठी त्यातून सहा ते आठ पीएसआय उतरवा, पण ट्यूबच्या टायरमध्ये १८च्या खाली जाऊ नका. खाली गेलात की दोन गोष्टी होतात. गोट्यावर आदळल्यावर ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. दुसरी गोष्ट जास्त वाईट: ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो, ट्यूबलाही ओढतो, आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. त्याला पॅच लागत नाही. व्हॉल्व्हचं नट रिमला घट्ट आवळून ठेवू नका, वर टोपीजवळ फिरवून ठेवा. मग टायर सरकला की व्हॉल्व्ह तिरका दिसतो. तिरका दिसला की तिथेच थांबून हवा वाढवा, आणि गावात पोचल्यावर टायर सोडवून ट्यूब सरळ करून घ्या.

पंक्चर हा इथला सगळ्यात मोठा खर्च आहे. बाभळीचा काटा टायरमध्ये घुसून बाहेरून तुटतो आणि टोक आत राहतं. पंक्चरवाला ट्यूब काढून पॅच लावतो, टायर तसाच चढवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा भोक. ट्यूबचं भोक कुठे आहे ते व्हॉल्व्हपासून मोजून टायरवर तीच जागा शोधा, आतून फडका फिरवा. फडका अडकला की काटा तिथे आहे, तो पकडीने आतल्या बाजूने ओढा. बोट फिरवू नका, काटा बोटात जातो. तूर काढल्यावर वावरात जे फण (धसकटं) राहतात ते काट्याहून घातक. विळ्याने तिरपं कापलेलं तुरीचं धसकट सुकल्यावर टोकदार होतं आणि ठोकळ्यांच्या मधल्या पातळ रबरातून सरळ आत जातं. मोकळ्या नक्षीत अशी पातळ जागा जास्त असते, हा तिचा दोषच आहे. जानेवारीनंतर तुरीच्या वावरातून गाडी घालायची तर पेरणीच्या तासाच्या बाजूने, फणांच्या ओळी टाळून चालवा. जाड ट्यूब काट्याला बरी टिकते, पण भर उन्हात वेगात जास्त तापते. पुढे जाड, मागे साधी चांगल्या प्रतीची, असं ठेवा. सीलंट, म्हणजे भोक बुजवायला ट्यूबमध्ये भरायचं द्रव, बारीक काट्याला धरतो, फाटलेल्या ट्यूबला नाही. शिवाय तो सांडलेल्या जागी पॅच चिकटत नाही, तेव्हा ट्यूब धुऊन, सुकवून, घासूनच सोल्यूशन लावायला सांगा.

टायर चढवताना समोर उभे राहा. रिमवरची रबरी पट्टी जागेवर आहे ना, एखाद्या स्पोकचं टोक वर आलेलं नाही ना, हे आधी पाहा. ट्यूबला थोडी हवा भरून टाल्कम पावडर लावून घ्या. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने आणि शेवट व्हॉल्व्हजवळ. शेवटच्या टप्प्यात समोरची कड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली की शेवटचा घास सहज बसतो. लोखंडी पट्टीला जोर लावावा लागत असेल तर समजा समोरची कड वर आली आहे, आणि त्याच जोरात ट्यूब चिमटते. कडेला साबणाचं पाणी चालतं, ग्रीस किंवा ऑइल कधीच नाही. टायरवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेला हवा. हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेली असेल तर हवा सोडून पुन्हा साबणपाणी लावा, नाहीतर गाडी उड्या मारत चालेल.

घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२२३ असेल तर टायर २०२३च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. कमी खपाची मापं गोदामात पडून राहतात, तेव्हा दोन वर्षांपेक्षा जुना माल असेल तर बदलून मागा किंवा भाव पाडा. २२ सप्टेंबर २०२५पासून दुचाकीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, बिलावर तोच लागला का ते तपासा. ऑर्डर मेमध्येच द्या. मृग लागला की सगळेच टायर बदलायला निघतात, आणि नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर गुळगुळीतच असतो. तेवढं अंतर कोरड्यात निघून गेलेलं बरं.